चार फुटांची वळचण

आमच्या घराचं पुढचं दार कुणाला सापडत नसे. आम्ही राहायला गेलो त्या पहिल्याच आठवड्यात नवा फ्रिज घेऊन दोन माणसं आली. त्यांनी घराभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी मारली, आणि परत ट्रकमध्ये जाऊन बसली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून जोरजोरात हात हलवतेय, तर तेही मला हसून हात हलवतायत. शेवटी मी चपला अडकवून मागच्या दाराने धावत गेले, तेव्हा कुठे आमचा फ्रिज आमच्या घरात आला.

दार होतं, नव्हतं असं नाही. पण ते रस्त्याकडे तोंड करून नव्हतं. घराच्या डाव्या अंगाला एक बुटकी विटांची भिंत, तिच्यामागून वळायचं, तीन पायऱ्या चढायच्या, पुन्हा वळायचं, आणि मग छपराच्या खाली अंधारात ते दार. मेझुझा, म्हणजे आम्ही ज्यू लोक दारावर लावतो ती पवित्र वचनांची छोटी डबी, त्याच दाराच्या चौकटीवर लावलेला. येता-जाता त्याला हात लावून बोटं ओठांना लावायची ही आमची लहानपणापासूनची सवय. पण आम्ही स्वतःच सगळे गॅरेजमधून ये-जा करायचो. बिचाऱ्या मेझुझाला महिनोन्महिने कुणाचा हात लागत नसे.

घर घ्यायचं वेड आमच्या ह्यांचं. हे ड्राफ्ट्समन, टोरोंटोच्या पूर्वेला एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचे. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं होती. एका रविवारी आम्ही सफरचंदं तोडायला व्हिटबी गावाच्या उत्तरेला गेलो होतो, आणि परतताना ह्यांनी मधेच गाडी थांबवली. मला वाटलं, टायर गेला. हे उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून एका घराकडे बघत बसले. मला तर आधी ते घर वाटलंच नाही. एवढं लांबच लांब, एवढं बुटकं, की एखादी शाळा अर्धी जमिनीत गेलीय की काय असं वाटावं. पुढे 'विकणे आहे'ची पाटी. झालं! मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही.

ह्या पद्धतीला प्रेअरी स्टाईल म्हणतात, हे मला त्या रात्री जेवताना कळलं, आणि पुढली दोन वर्षं रोज जेवताना कळत राहिलं. प्रेअरी म्हणजे पश्चिमेकडचं सपाट गवताळ रान. तिथे जमीन आडवी, आभाळाची कडा आडवी, म्हणून घरही आडवं. छप्पर जवळजवळ सपाट, चहूबाजूंनी पुढे आलेलं. खिडक्या एकीला एक लागून, पट्टीसारख्या. चिमणीसुद्धा उंच नाही, रुंद. घराने जमिनीवर उभं राहायचं नाही, जमिनीतून वर यायचं. असं हे हातवारे करून सांगायचे. मी म्हटलं, "अहो, ते रान इथून दोन दिवसांच्या ड्राईव्हवर आहे. मग त्याचं घर इथे काय करतंय?" हे म्हणाले, "आजूबाजूला शेतं आहेत ना, सपाट. घराने आपल्या जमिनीसारखं दिसावं, एवढंच." "बरं," मी म्हटलं, "जमीन आडवी, घर आडवं. मग मीपण जरा आडवी होते." आणि झोपायला गेले.

विटांचं तर विचारूच नका. आपल्याकडे विटा लावल्या, सांधे भरले, विषय संपला. इथे तसं नाही. दोन थरांमधला आडवा सांधा खोल कोरलेला, म्हणजे सावलीची रेघ पडते. आणि उभा सांधा विटेच्याच रंगाचा, विटेला अगदी लागून, दिसताच कामा नये. का? तर नजर आडवी धावली पाहिजे! मधल्या काळात कुणा शहाण्याने पूर्वेच्या भिंतीच्या सगळ्या सांध्यांत सरसकट पांढरं सिमेंट भरलं होतं. झालं, हे दर शनिवारी सूर्य मावळून शाब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा वार, संपला की, आणि रविवारी सकाळपासून, एक छोटी छिन्नी आणि एक डबा घेऊन त्या भिंतीपाशी. आडवे सांधे कोरायचे, उभे रंगवायचे. शेजारपाजारचे लोक लॉन कापत, आमचे हे भिंतीचे दात घासत. मी चहा घेऊन गेले की म्हणत, "जरा लांबून बघ, फरक वाटतो?" मी म्हणायची, "खूप! आता ही भिंत मला अजिबात दिसत नाही."

थट्टा करायची, पण मी मनातून रडकुंडीला आलेली असायची. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. टोरोंटोत तेव्हा आमची घरं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. भारतीय म्हणून सांगितलं तर लोक म्हणायचे, मग ज्यू कशा? ज्यू म्हणून सांगितलं तर विचारायचे, मग साडी कशी? समजावता समजावता तोंड दुखायचं. पण आम्ही आधी राहायचो त्या अपार्टमेंट बिल्डिंगमध्ये आमचीच आणखी दोन कुटुंबं होती. एका घरी मासळीचं कालवण झालं की वाटी दुसऱ्या घरी जायची. माझी एक मैत्रीण तर त्याच मजल्यावर. तिच्या दाराला टिचकी मारली की दोन तास कसे गेले कळायचं नाही. आणि आता? मला गाडी चालवता येत नव्हती. मुलं शाळेत, हे कामावर, आणि मी खिडक्यांच्या त्या लांब पट्टीतून शेत बघत बसलेली. हिवाळ्यात तर शेतही नाही, नुसतं पांढरं. मी काही दिवस मोठ्याने स्वतःशीच बोलायची, मराठी विसरू नये म्हणून. मुलांशी बोलावं तर मी मराठीत विचारायचं आणि त्यांनी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं. एकटं वाटतं म्हणजे काय, ते मला त्या घराने शिकवलं.

दुसऱ्या हिवाळ्यात छपरावर बर्फ साचून पाणी आत झिरपलं. सपाट छप्पर, बर्फ घसरणार कसा! हे शिडी लावून छप्पर शोव्हल करायला चढले, आणि मी खाली उभी राहून ठरवलं, बस्स. त्याच संध्याकाळी मी ह्यांना सरळ सांगितलं की मला इथे राहायचं नाही. वाद झाला, मग अबोला झाला, मग एका सकाळी तोडगा निघाला. ऑक्टोबरात मांडवाचा सण. त्या वेळी आपल्या सगळ्या मंडळींना इथे बोलवायचं. लोकांना यायला जमलं, पुन्हा यावंसं वाटलं, तर मी इथे राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. नाही वाटलं, तर वसंतात घर विकायला काढायचं आणि टोरोंटोत परत जायचं. "कबूल?" मी विचारलं. हे बराच वेळ टोस्टला बटर लावत राहिले. मग म्हणाले, "कबूल."

मांडवाचा सण म्हणजे सुक्कोथ. सात दिवस घराबाहेर मांडव घालून त्यात जेवायचं, पूर्वज वाळवंटात कसे राहिले त्याची आठवण म्हणून. मुंबईला आमचा मांडव सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराच्या, अंगणात असायचा. तो पुरुष घालायचे, आम्ही बायका-मुली त्याला फळं टांगायचो. तो कसा घालायचा हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ह्यांच्या गावी काय होतं ते हे कधी बोलत नसत. बाप लहानपणी गेला, चुलत्यांकडे वाढलो, एवढं एक वाक्य होतं, ते लग्नाआधीच सांगून झालं होतं.

सणाच्या मधल्या दिवसांतला रविवार ठरला, कारण त्या दिवशी गाडी चालवायला, कामाला हरकत नसते. हे आठवडाभर आधीपासून मांडवाचे नकाशे काढत होते. खरंच नकाशे! समोरून, बाजूने, वरून. आणि एक दिवस कारखान्यातून आले ते चेहरा उजळलेला. म्हणाले, "सुचलं! मांडव पश्चिमेच्या भिंतीला लावायचा. आपली वळचण चार फूट बाहेर आहे. अर्धं छप्पर आपोआप झालं. पाऊस आला तरी ताटात थेंब पडणार नाही." मला तर ते फारच पटलं. म्हटलं, चला, ह्या घराचा एकदा तरी उपयोग झाला. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मक्याची वाळलेली ताटं दिली, ती ह्यांनी उरलेल्या भागावर अंथरली. मी सफरचंदं, डाळिंबं आणि रंगीत भोपळे टांगले. इतका देखणा मांडव मी जन्मात पाहिला नव्हता.

रविवारी मंडळी आली. म्हणजे घरापर्यंत आली, पुढे दार शोधत राहिली. एक कुटुंब बेसमेंटच्या खिडकीवर टकटक करत होतं. माझी मैत्रीण उंच टाचांच्या चपलांनी ह्यांच्या फुलांच्या वाफ्यातून चालत आली, आणि मला मिठी मारताच म्हणाली, "अगं, हे घर आहे का लपंडाव?" आमच्यातले सगळ्यांत वडील, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, ते गॅरेजमधून, विंटर टायर्सच्या ढिगाऱ्यावरून धोतर सावरत आत आले. प्रार्थना तेच चालवायचे, आणि जिभेला त्यांच्या हाड नव्हतं. "तुझ्या घराचं माझ्याशी काही भांडण आहे का रे?" त्यांनी ह्यांना विचारलं. "दार दाखवायला तयार नाही ते!"

मी हसत होते, आणि मनात हिशेबही चालला होता. घर विकलं जाणार. आनंद व्हायला हवा होता, झालाही.

मग हे काकांना मोठ्या अभिमानाने मांडवात घेऊन गेले. काका आत उभे राहिले. त्यांनी टांगलेल्या सफरचंदांकडे पाहिलं, मक्याच्या ताटांकडे पाहिलं, मग मान अगदी मागे टाकून वर पाहिलं. वर आमची वळचण, लाकडी फळ्यांची, ह्यांनी स्वतः पॉलिश केलेली.

"आभाळ कुठाय?" काका म्हणाले.

"इथून थोडं दिसतं," ह्यांनी बाजूला बोट दाखवलं.

"अरे लेका, मांडव आभाळाखाली असतो. घराच्या छपराखाली कसला मांडव? ह्याला म्हणतात पडवी! शिकल्या-सवरलेल्या माणसा, देवाला आपण वर्षातून एकदा सांगायचं की आमच्या डोक्यावर छप्पर नाही, तुझाच भरवसा आहे. आणि तू त्याला चार फूट छप्पर दाखवतोस!"

सगळे पोट धरून हसले. ह्यांचा चेहरा असा पडला की मीही हसायची थांबले. मग एकच गोंधळ. मांडव हलवायचा, पण कुठे? लॉनवर मेपलचं अवाढव्य झाड, आणि झाडाखालीही मांडव चालत नाही. पुढे न्यावा तर रस्ता. उरलं ते शेजारच्या म्हाताऱ्याचं कापणी झालेलं गव्हाचं शेत. हे कुंपणाशी जाऊन त्याला विचारून आले. म्हाताऱ्याने मांडवाकडे, मग आमच्या घराकडे बघितलं आणि म्हणाला, घेऊन या की, तुमच्या घरापेक्षा तो उंचच दिसतोय.

मग काय, दहा-बारा पुरुषांनी चारही बाजूंनी खांब धरले, आणि सफरचंदं-भोपळ्यांसकट मांडव चालू लागला. मागून आम्ही बायका पातेली घेऊन, आणि पुढे काका, "डावीकडे! अरे, तुमची डावी!" असं ओरडत. कुंपणाचा एक भाग काढून शेतात शिरलो. जमीन ओली. माझ्या मैत्रिणीची एक चप्पल तिथेच चिखलात राहिली ती राहिलीच.

मांडव उभा राहिला, आणि वळचण सुटल्यामुळे उघडा पडलेला भाग म्हाताऱ्याने दिलेल्या आणखी ताटांनी झाकला. काकांनी भाकरीवर प्रार्थना म्हटली, मनुकांच्या शरबताचे पेले फिरले, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे एकमेकांचे हात हातात घेऊन आम्ही बोटं ओठांना लावली. नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण आणि भात ताटांत वाढला. पण वारा असा बोचरा की भात तोंडात जाईपर्यंत गार. मुलं "आय अ‍ॅम फ्रीझिंग" म्हणून आयांच्या शालीत शिरलेली. कुणी म्हणालं, घर छान आहे हं, पण लांब फार पडतं. दुसरं म्हणालं, हायवेला आज दीड तास लागला. मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, "पुढच्या वर्षी आमच्या बाल्कनीत कर बाई." तिला आमचा करार माहीत होता, मीच फोनवर सांगितला होता. म्हणजे निकाल लागलाच होता.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे जेवत नव्हते. शेताच्या मधोमध बसून घराकडे बघत होते. मीही मान वळवली. इतक्या लांबून मी ते घर कधी पाहिलंच नव्हतं. उन्हं उतरत होती. खरं सांगायचं तर, घर दिसत नव्हतं. शेताची एक तपकिरी रेघ, तिच्यावर विटांची रेघ, तिच्यावर छपराची रेघ, आणि वर आभाळ. कुठे शेत संपलं आणि कुठे घर सुरू झालं, ते नीट सांगता आलं नसतं. सुंदर होतं. कुणाला सांगितलं मात्र नाही मी.

काकांना गप्प बसणं माहीत नव्हतं. तेही तिकडेच बघत म्हणाले, "काय रे, दार लपवलंस ते लपवलंस, पण एवढी वळचण कशाला ठेवलीय? म्हशी बांधणार आहेस का?"

लोक पुन्हा हसले. हेसुद्धा हसले. आणि हसत हसतच, ताटातला भात चिवडत, म्हणाले, "नाही काका. बाबा गेल्यावर आम्हाला चुलत्याच्या घरात जागा नव्हती. आई, मी आणि धाकटी बहीण, आम्ही त्यांच्या वळचणीला राहायचो. झावळ्यांचं कूड लावून. ती वळचण दीड हात. आई आम्हाला भिंतीकडे झोपवायची आणि स्वतः बाहेरच्या बाजूला. पावसाळ्यात सकाळी उठलं की तिची अर्धी बाजू ओली असायची. हे घर रस्त्यावरून दिसलं, तेव्हा मी ह्या वळचणीशिवाय बाकी काही बघितलं नाही. म्हटलं, हिच्याखाली माणूस आडवा झाला तरी भिजणार नाही."

बस, एवढंच. मग त्यांनी भाताचा घास घेतला, जणू काही काकांना हवामान सांगितलं. नऊ वर्षं मी ह्या माणसाच्या संसारात होते. सांधे, विटा, चिमण्या, सावलीच्या रेघा, सगळं ऐकून माझे कान किटले होते, आणि हे एवढं मला माहीत नव्हतं. मला ह्यांचा राग आला, अगदी खरा राग. आधी सांगायला काय झालं होतं? आणि मग डोळे इतके भरून आले की मी पदराने नाक पुसत थंडीला शिव्या दिल्या.

काकांनी आपल्या ताटातला मासळीचा तुकडा उचलून ह्यांच्या भातावर ठेवला. आणि तेवढ्यात, टप् टप् करून मक्याच्या ताटांमधून ताटात थेंब पडायला लागले. आधी चार-दोन, मग चांगलीच सर आली. गार, झोंबणारी.

"जेवणात पाणी पडलं की मांडव सोडायची मुभा आहे," काका उठत म्हणाले. "चला! पळा!"

पळालो. ताटं पदराखाली, पातेली डोक्यावर, मुलं काखोटीला. अर्ध्या शेतात कुणीतरी ओरडलं, "दार कुठल्या बाजूला?" आणि दुसऱ्याने ओरडून उत्तर दिलं, "दार सोडा! वळचणीखाली!" आणि सगळे तिथेच शिरले. पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून, खांद्याला खांदा लावून, आमची सगळी मंडळी ताटं हातात घेऊन उभी राहिली. समोर पागोळ्यांचा पडदा लागला होता आणि आत एक थेंब येत नव्हता. कुणीतरी खोडकर गाणं सुरू केलं, मुलं पागोळ्यांत हात घालून एकमेकांवर पाणी उडवू लागली. काका भिंतीला टेकून कालवण भुरकत होते. घरात जाऊ म्हणून कुणी नाव काढेना.

माझी मैत्रीण एका पायात चप्पल, एक पाय चिखलाचा, अशी मला चिकटून उभी होती. हळूच म्हणाली, "मग? वसंतात विकायला काढताय ना?"

मी उत्तर देणार होते, तेवढ्यात मला हे दिसले. हातात भाताचं पातेलं घेऊन रांगेच्या समोरून वाढत चालले होते. "घ्या ना, अजून थोडा घ्या." कुणाचा खांदा बाहेर आला की त्याला आत ढकलत होते, मुलांना भिंतीकडे सरकवत होते. आणि स्वतः मात्र अगदी कडेला, पागोळ्यांच्या रेषेवर चालत होते. एक बाजू पार ओली झालेली, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

मी मैत्रिणीला कोपराने बाजूला सारलं, भिंतीला चिकटून एका माणसाची जागा केली, आणि सगळ्यांच्या देखत ह्यांची ओली बाही धरून ओढली.

"अहो, आत सरका," मी म्हटलं. "तुमचंच घर आहे."